ऑफिसचे टेलिफोन एक्स्चेंज बनवण्याचा उद्योग: सुरुवात कुठून करावी?

नवीनजोडणी (प्रश्न)

ऑफिस, हॉटेल, हॉस्पिटल यांना लागणारी ईपीएबीएक्स यंत्रं (आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनना जोडणारी) स्वतः बनवून विकायचं ठरतं आहे. तयार माल आणून त्यावर नाव चिकटवायचं नाही. सर्किट, सॉफ्टवेअर आणि चाचणी आपलीच असेल. दोन मॉडेलं डोळ्यांसमोर आहेत. पहिलं ४ ट्रंक (बाहेरून येणाऱ्या लाईन) आणि १२ एक्स्टेंशनचं (आतले फोन), भिंतीवर लावायचं छोटं यंत्र. दुसरं कार्डं वाढवत ८ ट्रंक आणि ४८ एक्स्टेंशनपर्यंत जाणारं. एम्बेडेड सॉफ्टवेअर आणि पीसीबी डिझाइन करणारे लोक हाताशी आहेत, पण टेलिफोन लाईनचं काम त्यांना नवीन आहे.

विचारायचं आहे ते असं:

१. स्विचिंग अ‍ॅनालॉग क्रॉसपॉइंटवर (आडव्या-उभ्या मार्गांना जोडणाऱ्या स्विचांची चिप) ठेवावं की थेट डिजिटल?
२. सगळं आयपीकडे (इंटरनेटच्या पद्धतीने कॉल) चाललं असताना तांब्याच्या जोडीवर चालणारं यंत्र काढण्यात अर्थ आहे का?
३. पहिल्या खेपेत किती नग घ्यावेत? कुठली कामं आपल्याकडे ठेवावीत आणि कुठली बाहेर द्यावीत?
४. विकलेली यंत्रं बहुतेक कशामुळे परत येतात?

तांब्याचीजोडी

स्विचिंगचा प्रश्न यातला सर्वांत सोपा आहे. यंत्र टिकणार की परत येणार हे लाईन कार्डावर ठरतं, म्हणजे तांब्याची जोडी यंत्रात शिरते तिथे. एक एक्स्टेंशन पोर्ट आणि एक ट्रंक पोर्ट पक्का व्हायला तीन-चार महिने लागले तरी लागू द्या. त्याआधी पेटीचा रंग, डिस्प्ले, मोबाईल अ‍ॅप यांना हात लावू नका.

तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. १६ पोर्टच्या यंत्राला एमटी८८१६ सारखा ८ बाय १६ चा क्रॉसपॉइंट पुरेल असं कागदावर दिसतं. पण आठ मार्ग म्हणजे आठ बोलणी नव्हेत. डायल टोन, रिंगबॅक, बिझी टोन आणि होल्डचं संगीत यांनी चार मार्ग आधीच अडवलेले असतात. उरलेले चार, चार ट्रंक चालू असताना भरतात आणि मग ऑफिसातल्या ऑफिसात बोलायला मार्गच उरत नाही. दोन चिपा जोडून हे सुटतं, पण ४८ एक्स्टेंशनला हा रस्ता बंद आहे. डिजिटलमध्ये प्रत्येक पोर्टचा आवाज सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट होतो. २.०४८ मेगाबिटच्या एका पीसीएम हायवेवर (सगळ्या पोर्टचे नमुने पाळीपाळीने नेणारी सामायिक तार) असे ३२ टाइमस्लॉट बसतात. तुमच्या ५६ पोर्टना दोन हायवे पुरतात, आणि दर १२५ मायक्रोसेकंदांनी ६४ बाइट इकडचे तिकडे करणं आजच्या साध्या मायक्रोकंट्रोलरला जड नाही. छोट्या यंत्रातही डिजिटलच ठेवा. दोन मॉडेलांसाठी दोन वेगळी सॉफ्टवेअरं सांभाळण्याइतकं मनुष्यबळ सुरुवातीला कोणाकडेच नसतं.

आता खरं काम, एक्स्टेंशन पोर्ट. स्लिक चिप (फोनला लाईनचा करंट आणि घंटी पुरवणारी) निवडताना सगळे वैशिष्ट्यांची यादी वाचतात आणि उष्णतेचा हिशोब विसरतात. लाईनला ४८ व्होल्ट देऊन २५ मिलिअँपिअर सोडले तर एका बोलण्याला १.२ वॉट लागतात. ऑफिसातली वायर आखूड असते, फोन स्वतःवर ६-७ व्होल्ट घेतो, म्हणजे उरलेला जवळजवळ एक वॉट स्लिकमध्येच उष्णता होऊन राहतो. १६ पोर्टच्या कार्डावर दहा जण एकदम बोलले की बंद पेटीत दहा वॉट. मग उन्हाळ्यात दुपारी कार्ड बंद पडतं, संध्याकाळी आपोआप सुरू होतं आणि सर्व्हिसला गेलेल्या माणसाला दोष सापडत नाही. उपाय दोन. रिसीव्हर उचलल्यावर पुरवठा ४८ वरून २४ व्होल्टवर आणणारी रचना घ्या, नाहीतर प्रत्येक पोर्टला गरजेपुरतंच व्होल्टेज तयार करणारी स्लिक घ्या. करंट २० मिलिअँपिअरवर ठेवला तरी फोन व्यवस्थित चालतो.

२४ व्होल्टवर वायर किती लांब चालेल? स्लिकला स्वतःसाठी चारेक व्होल्ट लागतात. उरलेले २० व्होल्ट भागिले २० मिलिअँपिअर म्हणजे १००० ओहम. त्यातून फीडचे ४०० आणि फोनचे ३०० वजा करा, वायरला ३०० ओहम राहतात. ०.५ मिलिमीटर तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला साधारण १७६ ओहम असतो, म्हणजे १.७ किलोमीटर. एका इमारतीला हे भरपूर झालं. मोठ्या कारखान्याच्या आवाराला ४८ व्होल्टचा पर्याय ठेवा.

ट्रंकच्या बाजूचा संरक्षक थायरिस्टर (जास्त व्होल्टेज आलं की लाईन शॉर्ट करून यंत्र वाचवणारा भाग) निवडताना हमखास चूक होते. सार्वजनिक लाईनवर घंटी ९० व्होल्टपर्यंत येऊ शकते. तिचं शिखर १२७ व्होल्ट, त्यावर ५० च्या आसपास डीसी. म्हणजे १८० व्होल्टच्या खाली सुटणारा, म्हणजे चालू होणारा, भाग लावला तर घंटी येताच तो लाईन शॉर्ट करतो आणि फोन अर्धी घंटी वाजून गप्प होतो. दुसरी बाजू होल्डिंग करंटची (ज्याच्या खाली करंट गेला की थायरिस्टर बंद होतो). तो लाईनमधून नेहमी वाहणाऱ्या लूप करंटपेक्षा कमी असला तर वीज कडाडल्यावर थायरिस्टर एकदा सुटतो तो सुटलेलाच राहतो आणि लाईन काढून परत लावेपर्यंत मोकळी होत नाही. १५० मिलिअँपिअरचा भाग घ्या.

अर्थिंगवर विसंबून ट्रंकचं संरक्षण करू नका. निम्म्या ठिकाणी अर्थची वायर जोडलेलीच नसते, आणि मग ट्रंकवरून आलेला झटका शेजारच्या एक्स्टेंशन कार्डातून वाट काढतो. लाईनच्या दोन तारांमध्ये थायरिस्टर आणि पुढे पूर्ण विलग असलेला डीएए भाग (ट्रंक लाईनला यंत्राशी जोडणारा), ही रचना अर्थ नसतानाही तग धरते. एसआय३०५० सारख्या चिपजोड्या याच कामाच्या आहेत.

फ्रेमसिंक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ट्रंकच्या बाजूचं तांबं कमी होत चाललं आहे, त्यात वाद नाही. एक्स्टेंशनच्या बाजूची गोष्ट निराळी. हॉटेलच्या खोल्या, हॉस्पिटलचे वॉर्ड, कारखान्याचे शेड इथे भिंतीतून आधीच जोड्या गेलेल्या असतात. साध्या फोनला जागेवर वीज लागत नाही आणि तो मोडला तर कोणीही बदलतो. म्हणून एक्स्टेंशनला अ‍ॅनालॉग, ट्रंकला अ‍ॅनालॉग, ई१ (एका डिजिटल लाईनवर अनेक कॉल) आणि सिप (आयपीवरचे कॉल) तिन्ही, आणि काही सिप एक्स्टेंशन असं मिश्र यंत्र काढा. मदरबोर्डवर पहिल्याच आवृत्तीत इथरनेट असू द्या, मग सुरुवातीला त्यातून फक्त प्रोग्रॅमिंग होत असलं तरी चालेल.

सिपच्या बाजूला मुक्त-स्रोत टेलिफोन सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क वापरण्याचा मोह होईल आणि तो वाईट नाही. फक्त ते जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली आहे हे व्यवसायाच्या पहिल्या दिवशी समजून घ्या. यंत्रात घालून विकलं की अ‍ॅस्टरिस्कचा आणि त्यात तुम्ही केलेल्या बदलांचा सोर्स ग्राहकाला मागेल तेव्हा द्यावा लागतो. ते नको असेल तर व्यापारी परवाना घ्या किंवा तुमचं कॉल-प्रोसेसिंग वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवा, आणि कुठलाही रस्ता धरलात तरी वकिलाकडून लेखी मत घ्या.

बँडविड्थ: जी.७११ मध्ये (६४ किलोबिटच्या आवाजाची पद्धत) २० मिलिसेकंदांचं पॅकेट घेतलं तर आवाजाचे १६० बाइट आणि हेडरचे ४०. आयपीवर एका दिशेला ८० किलोबिट, इथरनेट धरून ८७. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रतिध्वनी. अ‍ॅनालॉग ट्रंकवर दोन तारांतून चार तारांत जाताना हायब्रिडमधून (दोन्ही दिशांचा आवाज वेगळा करणारं सर्किट) थोडा आवाज परततो. निव्वळ टीडीएम (वर सांगितलेल्या टाइमस्लॉटच्या) यंत्रात तो इतक्या लवकर येतो की कानाला कळत नाही. त्याच कॉलमध्ये सिप आलं की पॅकेट आणि जिटर बफरचे (मागेपुढे येणारी पॅकेट सुरळीत करणारा साठा) ५०-६० मिलिसेकंद वाढतात आणि तोच आवाज आपलंच बोलणं घुमल्यासारखा ऐकू येतो. म्हणून सिप असेल तिथे जी.१६८ या मानकाप्रमाणे इको कॅन्सलर (प्रतिध्वनी पुसणारा) हवाच. आणि कॅन्सलरवर सगळा भार टाकण्याआधी ट्रंकचा इम्पीडन्स (एसीला होणारा रोध) देशाप्रमाणे बदलता येतो का ते पाहा. काही जाळी ६०० ओहमवर आहेत, काही कॉम्प्लेक्स इम्पीडन्सवर. इथे चूक झाली तर कॅन्सलरसुद्धा अपुरा पडतो.

ई१ घेतलंत तर क्लॉक लाईनकडूनच घ्या. यंत्र स्वतःच्या क्रिस्टलवर चालत राहिलं आणि फरक ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) असला तर १२५ मायक्रोसेकंदांची एक फ्रेम दर अडीच सेकंदांनी घसरते. बोलण्यात बारीकशी टिकटिक होते, लोक चालवून घेतात. फॅक्स मात्र पान अर्ध्यावर सोडतो. तक्रार 'फॅक्स जात नाही' अशी येते, म्हणून कोणी क्लॉक तपासतच नाही.

सॉफ्टवेअरमधली नेहमीची डोकेदुखी हूक-फ्लॅशची (कॉल ट्रान्सफरसाठी लाईन क्षणभर तोडणं). पल्स डायलिंगमध्ये (लाईन तोडून-जोडून आकडा पाठवण्यात) लाईन ६०-६७ मिलिसेकंद तुटते. फ्लॅशचं बटण फोनप्रमाणे १००, ३०० किंवा ६०० मिलिसेकंद तोडतं. त्याहून जास्त म्हणजे रिसीव्हर ठेवला. तुम्ही ५०० वर सीमारेषा ओढली तर ६०० च्या फोनवरून कॉल ट्रान्सफर करताना दर वेळी कॉल कटेल. सीमा प्रत्येक एक्स्टेंशनला वेगळी ठरवता आली पाहिजे. पल्स डायलिंग मुळातच बंद करायची सोय द्या, मग खालची सीमा ८० वर निर्धास्त ठेवता येते. हूकची स्थिती दर ५ ते १० मिलिसेकंदांनी वाचा आणि २० मिलिसेकंदांपेक्षा लहान बदल कंप म्हणून सोडून द्या.

नवीनजोडणी

दोघांचेही आभार. मिश्र यंत्राचं पटलं, इथरनेट पहिल्यापासून घेतो. आणखी दोन शंका. एक, ४८ एक्स्टेंशनना घंटी द्यायला रिंग जनरेटर किती मोठा लागेल? दोन, 'ट्रंक अडकते', म्हणजे बोलणं संपलं तरी लाईन सुटत नाही, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. तिचं मूळ कुठे असतं?

तांब्याचीजोडी

घंटीचा हिशोब. एक साधा फोन घंटीच्या वेळी सुमारे ७ किलोओहम दिसतो. ७५ व्होल्टवर १०.७ मिलिअँपिअर, म्हणजे ०.८ व्होल्टअँपिअर. ४८ फोन एकदम वाजवायचे तर ३८ पेक्षा जास्त. पण एक सेकंद वाजणं आणि चार सेकंद थांबणं असा ताल असेल तर पोर्टचे पाच गट करा आणि प्रत्येक गटाला वेगळा सेकंद द्या. एका वेळी दहाच फोन वाजतील आणि ८ व्होल्टअँपिअरमध्ये काम होईल. १२ ते १५ चा जनरेटर घ्या, कारण एकाच एक्स्टेंशनवर दोन फोन समांतर जोडलेले असतातच. दुहेरी तालाची घंटी हवी असेल तर गट कमी पडतात, हे मात्र आधी धरून चला.

घंटी चालू असताना रिसीव्हर उचलला हे ओळखायचं काम नाजूक आहे. घंटीच्या एसीवर चढवलेला डीसी वाहू लागला की उचलला असं समजायचं, पण २५ हर्ट्झच्या लाटेमुळे फसायचं नाही. २०० मिलिसेकंदांच्या आत घंटी तोडा. उशीर झाला तर ती माणसाच्या कानात वाजते. चाचणी आखूड वायरवर एकच फोन लावून करू नका. लांब वायर आणि दोन फोन समांतर, अशी करा.

ट्रंक अडकण्याचं मूळ असं की पलीकडच्याने फोन ठेवला हे अ‍ॅनालॉग लाईन प्रत्येक वेळी स्पष्ट सांगत नाही. कुठे पोलॅरिटी उलटते, कुठे लाईनचा करंट क्षणभर तुटतो, आणि पुष्कळ ठिकाणी नुसता बिझी टोन येतो. आतल्या माणसाने रिसीव्हर ठेवला तर यंत्र लाईन सोडतंच. अडचण तेव्हा येते जेव्हा ट्रंकला ट्रंक जोडलेली असते, किंवा कॉल व्हॉइसमेल अथवा स्वागत-संदेशावर गेलेला असतो. दोन्हीकडे ठेवणारं कोणी नाही. म्हणून तिन्ही खुणा ओळखायची सोय ठेवा. टोनची फ्रीक्वेन्सी आणि चालू-बंद वेळ तक्त्यातून बदलता येऊ द्या, कारण कुठे ४०० हर्ट्झ असतो, कुठे ४२५, कुठे दोन स्वर मिसळलेले. लागोपाठ तीन-चार आवर्तनं जुळल्याशिवाय लाईन सोडू नका, नाहीतर होल्डच्या संगीतानेच कॉल कटतील. या सगळ्याच्या वर ट्रंक-ते-ट्रंक कॉलला कमाल वेळेची मर्यादा हवीच.

कॉलर आयडीचंही तेच. काही जाळी पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधे एफएसके (दोन स्वर आलटून पालटून पाठवलेला डेटा) पाठवतात, काही पहिल्या घंटीच्या आधीच डीटीएमएफ (फोनच्या बटणांचे स्वर). घंटी आल्यावरच ऐकायला लागणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रकारात कोरंच राहतं.

चाचणीमेज

तिसरा आणि चौथा प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून एकत्रच घेते.

पहिले १० नग नमुन्याचे. त्यातले ३ मोडायचे म्हणूनच मोजा, कारण सर्ज चाचणीत (कडाडणाऱ्या विजेसारखे झटके देऊन पाहण्यात) ते जाणार. नंतर ५० ची चाचणी-खेप, ओळखीच्या ठिकाणी लावून तीन महिने चालवायची, मग २०० ची. थेट २०० केलेत आणि पोर्टमध्ये दोष निघाला, तर २०० गुणिले १६ ठिकाणी हाताने डाग द्यावा लागेल.

पीसीबी बनवणं आणि त्यावर भाग बसवणं बाहेर द्या. पॉवर सप्लाय सुरुवातीला मान्यताप्राप्त तयार घ्या. मुख्य वीज आणि टेलिफोन लाईन यांच्यातल्या विलगीकरणाची जबाबदारी त्यामुळे बरीच हलकी होते. पेटीसाठी साचा करू नका, पत्र्याची घडी घालून ५०० नगांपर्यंत भागतं. आपल्याकडे ठेवायचं ते सर्किट डिझाइन, सॉफ्टवेअर, अंतिम जुळणी आणि चाचणी. चाचणी कधीही बाहेर देऊ नका.

चाचणीचा जिग यंत्राबरोबरच डिझाइन करा. जिग म्हणजे रिलेचं जाळं, एक ऑडिओ कार्ड आणि संगणक. प्रत्येक पोर्टवर आपोआप हे तपासलं गेलं पाहिजे:

- २०० आणि १००० ओहमवर लूप करंट
- भाराशिवाय आणि ७ किलोओहमवर घंटीचं व्होल्टेज
- घंटीत आणि दोन घंट्यांच्या मधे रिसीव्हर उचलल्याची ओळख
- १ किलोहर्ट्झला दोन्ही दिशांची पातळी
- शांत लाईनचा आवाज आणि शेजारच्या पोर्टमधून झिरपणारं बोलणं, दोन्ही किमान ६५ डेसिबल खाली
- लॉन्जिट्यूडिनल बॅलन्स (लाईनच्या दोन तारांचा सारखेपणा), ६०० हर्ट्झच्या वर किमान ४६ डेसिबल

शेवटचं कलम लोक गाळतात. दोन तारांपैकी एकीच्या वाटेतला रोध किंवा कपॅसिटर थोडा वेगळा असला की विजेच्या केबलशेजारून गेलेल्या लाईनवर गुणगुण येते. प्रयोगशाळेत मीटरभर वायरवर ती कधीच ऐकू येत नाही. तिथे १ टक्क्याचे, जुळवलेले रोध वापरा.

जिगनंतर ४५ ते ५० अंशांत ४८ तास चालू ठेवणं, सगळे पोर्ट आलटून पालटून बोलते ठेवून. नुसतं चालू करून ठेवलेलं यंत्र तापतच नाही, त्यामुळे वर सांगितलेला स्लिकचा दोष सुटून जातो. मग परत जिगवर. प्रत्येक कार्डाचा अनुक्रमांक आणि निकाल जपून ठेवा. दोन वर्षांनी परत आलेल्या कार्डाचा करंट तेव्हा किती होता हे कळलं की निदान पाच मिनिटांत होतं.

सर्ज चाचणी आयटीयू-टी के.२१ प्रमाणे, १०/७०० मायक्रोसेकंदांची लाट. बाहेरचा संरक्षक नसताना १.५ किलोव्होल्ट, असताना ४ किलोव्होल्ट. सुरक्षिततेला आयईसी ६२३६८-१, रेडिओ उत्सर्जनाला सिस्पर ३२. शिवाय ज्या देशात विकणार तिथल्या दूरसंचार खात्याची मान्यता. या चाचण्या पीसीबीची दुसरी आवृत्ती हातात आल्यावर लगेच करा. पेट्या, छपाई आणि मोठी खरेदी झाल्यावर नापास होणं फार महागात पडतं.

परत येणाऱ्या यंत्रांत ट्रंक पोर्ट जळणं आणि पॉवर सप्लाय हे दोनच मोठे गट. सप्लायमध्ये जातो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांचाच घ्या आणि हीटसिंकपासून दूर बसवा. तिसरा गट यंत्राच्या बाहेरचा असतो: एमडीएफवर (इमारतीच्या तारा जिथे जोडतात ती चौकट) क्रोन मोड्यूलमध्ये नीट न दाबलेली तार. तिची खरखर यंत्राच्या माथी मारली जाते. पेटीबरोबर पंचिंग टूलच्या (तार दाबून बसवायचं हत्यार) वापराचं एक सचित्र पान द्या, यातल्या कितीतरी फेऱ्या वाचतील.

फ्रेमसिंक

चाचणीमेज यांच्या यादीत दोन गोष्टी जोडतो. वीज गेली आणि बॅटरीही संपली तर रिले आपोआप पडून पहिली ट्रंक पहिल्या एक्स्टेंशनला थेट जोडली गेली पाहिजे. जिगवर हे दर नगाला तपासा, कारण हा रिले वर्षभर हलतच नाही आणि गरज पडते तेव्हा अडकतो. सॉफ्टवेअरमधून महिन्यातून एकदा रात्री, लाईन मोकळी असताना, तो हलवून घ्या.

दुसरी सुरक्षिततेची. सिप चालू करून ५०६० हे नेटवर्क पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवलं तर पासवर्ड शोधणारे प्रोग्रॅम लगेच धडकू लागतात, आणि एक एक्स्टेंशन हाती लागलं की रात्रीत परदेशी कॉलचं बिल ग्राहकाच्या नावावर चढतं. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच वेगळा पासवर्ड घालून त्याचं लेबल लावा, परदेशी कॉल मुळात बंद ठेवा आणि एका एक्स्टेंशनवरून एका वेळी दोनच बाहेरचे कॉल जातील अशी मर्यादा घाला.

चाचणीमेज

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर: १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या मालिकेत, फ्लोट (भरलेली बॅटरी तशीच ठेवायचं व्होल्टेज) ५४ ते ५५.२ व्होल्ट. यंत्र ४० वॉट घेत असेल तर नव्या बॅटरीवर सात तासांच्या आसपास चालेल, पण माहितीपत्रकात पाच तास लिहा. बॅटरी जुनी होतेच. ४२ व्होल्टला भार तोडणारं सर्किट अवश्य ठेवा. ते नसेल तर लांबलेल्या पहिल्याच वीजबंदीत चारही बॅटऱ्या कायमच्या जातात.

आणि ग्राहकाला किती ट्रंक लागतील हे विक्रीवाल्याने अंदाजाने सांगू नये. ५० एक्स्टेंशन, गर्दीच्या तासात प्रत्येकाचं बाहेरचं बोलणं ६ मिनिटं, म्हणजे ३०० मिनिटं, म्हणजे ५ अर्लांग (सरासरी पाच लाईन सतत व्यापलेल्या). शंभरात एकच कॉल अडावा असं हवं असेल तर अर्लांग-बी तक्त्यात ११ ट्रंक येतात. तुमच्या मोठ्या मॉडेलची ८ ट्रंकची मर्यादा इथेच तोकडी पडते. बॅकप्लेनवर (सगळी कार्डं ज्यात बसतात तो मागचा बोर्ड) ट्रंक कार्डासाठी आणखी एक खाच आत्ताच ठेवा, नंतर वाढवायची तर अख्खा बॅकप्लेन बदलावा लागेल.